मिक्सरमधला धोंडा

माझ्या जावयाबद्दल सांगायचं तर आधी माझं स्वतःचं थोडं वाईट सांगावं लागंल, त्याला इलाज नाय. मी आशाबाई, गंगापूरची. शेती आहे, ऊस आहे, दोन म्हशी आहेत, आणि तोंड आहे. हे तोंडाचं आमच्या आप्पासाहेबांनी जोडलेलं आहे, माझे मालक ते. आपण तर बाई खरं बोलतो, मग कुणाला फटकळ वाटलं तर वाटू द्या. पण एकदा मी खरं बोलायला उशीर केला, आणि त्यात माझा जावई जाता जाता वाचला. ते कसं, ते सांगते.

जावयाचं नाव शिवराज. आम्ही शिवराजराव म्हणतो. हर्सूलला राहतात, माझी प्रेरणा आणि ते. शेंद्र्याला एक कंपनी आहे, तिथल्या कामगारांची बस चालवतात. हर्सूलपासून शेंद्र्यापर्यंत चाळीस माणसं सकाळी न्यायची, संध्याकाळी आणायची. मी त्या बसमधून एकदा गेले होते. अहो, पोटातलं पाणी हलंना! खड्डा आला की आधीच गाडी हळू, हॉर्न तर वाजवायचा म्हणून वाजवायचा नाय. कोण कुठल्या कोपऱ्यावर उभं राहतं, कुणाचं लेकरू आजारी आहे, कुणाला दोन मिनिटं उशीर होतो, सगळं ह्या माणसाला तोंडपाठ. लग्नाच्या वेळी आमच्या भावकीतल्या एकीनं नाक मुरडलं होतं, "ड्रायव्हरला दिली काय पोरगी?" म्हणलं, व्हय, दिली. तुझा जावई काय विमान चालवतो काय?

फक्त एक गोष्ट होती. माणूस अंगानं दांडगा. एकशे अठरा किलो. आणि घोरायचे असे, की आमच्याकडं मुक्कामाला आले की आप्पासाहेब उशी घेऊन ओसरीवर जायचे. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाय. खाणारा जावई कुणाला आवडत नाय? दोन भाकरी वाढल्या की तिसरी मी न विचारता टाकायची. ते "मामी, बास" म्हणायचे आणि खायचे. आमच्याकडं जावई सासूला मामी म्हणतात.

मागच्या वर्षी जुलैत झालं काय, सकाळची बस भरलेली, जालना रोडला चिकलठाण्याच्या अलीकडं त्यांचा डोळा लागला. स्टिअरिंग हातात आणि डोळा लागला! चाक दुभाजकाला घासलं, खडखडाट झाला, तसे ते जागे झाले. कुणाला ओरखडासुद्धा आला नाय. मागं बसलेल्यांना वाटलं खड्ड्यातून गेली गाडी. पण ह्या माणसानं काय केलं? चाळीस जणांना कंपनीच्या दारात नीट उतरवलं, आणि सरळ बद्रीनाथ साहेबांच्या पुढं जाऊन उभे राहिले. बद्रीनाथ साहेब म्हणजे तिथल्या गाड्यांचे सुपरवायझर. म्हणले, "साहेब, माझा डोळा लागला. आजपासून मला गाडी देऊ नका."

मला कळलं तेव्हा मी फोनवरच सुरू झाले. "कुणी पाहिलं नव्हतं ना? मग सांगितलं काहून?"

तर म्हणले, "मामी, मागं चाळीस माणसं होती."

मी तसाच फोन आप्पासाहेबांच्या हातात दिला.

मग तपासण्या झाल्या. झोपेची पण तपासणी असते, हे मला तेव्हा कळलं. अंगाला वायरी लावून झोपवतात. त्यात निघालं की झोपेत ह्यांचा श्वास अडतो, घडीघडी अडतो, गळ्याभोवतीच्या चरबीनं. त्यामुळं झोप होतच नाय, आणि मग दिवसा पेंग येते. आम्ही ज्याला गाढ झोप समजत होतो तो आजार होता! नाकाला लावायचं मशीन दिलं, त्यानं फरक पडला. पण कंपनीच्या डॉक्टरनं सांगितलं, वजन उतरलं पाहिजे, झोपेचा रिपोर्ट सुधारला पाहिजे, तेव्हा बस मिळंल. तोवर गेटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे.

नोकरी गेली नव्हती. पण प्रेरणा सांगायची, "आई, बस गेटातून निघाली की हे पेन खाली ठेवून उभे राहतात. दिसेनाशी होईपर्यंत." जेवणात लक्ष नाय, बोलण्यात लक्ष नाय. ह्या माणसाला त्या गाडीवर परत बसवायचं, एवढंच आमच्या घराचं ध्येय झालं बघा. मी तर रोज देवापुढं दिवा लावताना स्टिअरिंगच मागायची.

तीन महिने शिवराजराव रोज पायी चालले, भात सोडला, साखर सोडली. चार किलो गेले, आणि गुडघे धरले. मग गुडघ्यासाठी मेडिकलमधून गोळ्या आणून खायला लागले, कुणाला न सांगता. मग कुणीतरी पोटातल्या फुग्याचं सांगितलं. ऑपरेशन नाय, चिरफाड नाय, तोंडातून फुगा पोटात सोडायचा, सहा महिने ठेवायचा. फुग्यानं पोट अर्धं भरलेलंच राहतं, म्हणून माणूस कमी खातो.

पहिल्यांदा दोघं गेले एका गल्लीतल्या दवाखान्यात. तिथं म्हणे रिसेप्शनवरच्या पोरीनं वजन बघितलं आणि विचारलं, "आज करायचा की उद्या?" प्रेरणा माझी लेक आहे. तिनं विचारलं, "डॉक्टर तपासणार नाहीत का?" तर म्हणे, पंधरा मिनिटांचं काम, त्यात काय तपासायचं! प्रेरणा नवऱ्याचा हात धरून बाहेर आली. मला हे सांगितलं तेव्हा मी चार माणसांत तिची पाठ थोपटली.

मग गेले चारुता मॅडमकडं. पोटाच्या डॉक्टर. ह्या वेळी मी आणि आप्पासाहेब पण सोबत. बाई बारीक चणीच्या, आवाज एकदम हळू, पण प्रश्न किती! आधी पोटाचं ऑपरेशन झालंय का? अल्सर होता का? रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का? दारू किती? लिव्हरचं काही? घशाशी जळजळ होते का? बायकांना तर म्हणे दिवस गेलेत का तेही विचारतात, पोटुशी बाई असली तर फुगा नाय म्हणजे नाय. मला वाटलं, पोरगी बघायला आलेत की काय!

आप्पासाहेब मध्येच म्हणले, "मॅडम, आन् फुगा फुटला तर?"

मी कोपर मारलं. पण मॅडम हसल्या नाहीत. म्हणल्या, "चांगला प्रश्न विचारलात काका. फुग्यात मिठाचं पाणी असतं आणि त्यात निळा रंग घातलेला असतो. फुगा गळला तर लघवी हिरवी-निळी होते. तशी दिसली की दिवस-रात्र न बघता इकडे यायचं. कारण रिकामा झालेला फुगा आतड्यात उतरून अडकू शकतो. क्वचित होतं, पण होतं."

मग म्हणल्या, पहिले चार-आठ दिवस उलट्या होतील, कळा येतील. काहींना तो सोसतच नाही, मग लवकर काढावा लागतो. ॲसिडची गोळी रोज. दुखण्याच्या गोळ्या बिलकुल नाहीत. सहा महिन्यांनी काढायचा म्हणजे काढायचाच. आणि सगळ्यात शेवटी काय म्हणल्या? "फुगा वजन उतरवत नाही. तो तुम्हाला सहा महिने शिकायला वेळ देतो. शिकला नाहीत तर वजन परत येईल."

आधी दुर्बीण घालून पोट बघितलं. तर आत जखमा! त्या गुडघ्याच्या गोळ्यांनी झालेल्या. मॅडमनी सरळ सांगितलं, आत्ता फुगा नाही. दोन महिने औषध, जखमा भरल्या तर बघू, नाही भरल्या तर दुसरा मार्ग बघू. शिवराजरावांचा चेहरा पडला. मला मात्र त्या बाईवर तिथंच भरोसा बसला. आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवणारी डॉक्टर मी जन्मात पहिल्यांदा बघितली.

डिसेंबरात जखमा भरल्या आणि फुगा बसला. पहिले पाच दिवस, बाई गं! माणूस बादली धरून बसलेला. एक घोट पाणी पोटात ठरंना. तिसऱ्या दिवशी सलाइन लावायला न्यावं लागलं. मी प्रेरणाला म्हणलं, "काढून टाका तो मेला फुगा." शिवराजराव भिंतीला टेकून म्हणले, "मामी, थांबा जरा." सहाव्या दिवशी ताक ठरलं. मग डाळीचं पाणी, मग मऊ खिचडी, वाटीभर. महिन्याभरात सात किलो गेले. दर पंधरा दिवसाला मॅडमकडं, आहार सांगणारी पोरगी वेगळी, तिच्याकडं. संध्याकाळी हर्सूलच्या तलावाकडं दोघं नवरा-बायको चालायला जायची. मे संपता संपता काटा एकशे एकवर आला होता. घोरणं बंद. आप्पासाहेब आता उशी घेऊन पळत नव्हते. झोपेची तपासणी परत झाली, रिपोर्ट चांगला आला.

आता फक्त फुगा काढायचा राहिला. जूनच्या आठ तारखेला, सोमवारी. आणि बुधवारी कंपनीत मेडिकल. फुगा पोटात असताना कंपनीचा डॉक्टर फिट म्हणत नव्हता. बद्रीनाथ साहेबांनी सांगून ठेवलं होतं, बुधवारी फिटचा कागद आला तर ह्या महिन्यापासून बस तुझी, नाहीतर ती दुसऱ्याला द्यावी लागेल.

आणि इथं माझी अक्कल आडवी आली.

यंदा जेठात अधिक महिना आला ना, धोंड्याचा. तीन वर्षांतून एकदा येतो. लेक-जावयाला बोलवायचं, पाटावर बसवून पाय धुवायचे, ओवाळायचं, कपडे करायचे आणि पुरणाचे धोंडे जेवू घालायचे. धोंडा म्हणजे कणकेच्या पारीत पुरण भरून वाफवायचं, वरून तुपाची धार. आमच्या शिवराजरावांचा लग्नानंतरचा पहिलाच धोंडा राहिला होता. तेव्हा माझ्या सासूबाई वारल्या, सुतक आलं. ती रुखरुख माझ्या मनात तीन वर्षं होती. यंदा पहिले तीन रविवार आप्पासाहेबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनात गेले. शेवटच्या रविवारी दुपारून अमावस्या लागत होती. राहिला सात तारखेचा रविवार.

प्रेरणा म्हणली, "आई, सोमवारी फुगा काढायचाय. शुक्रवारपासून ह्यांना फक्त पातळ सांगितलंय. ओवाळ, कपडे कर, पण जेवण नको."

म्हणलं बरं. तोंडानं म्हणलं. पण मनात खदखद सुरू. जावई पाटावर बसणार आणि त्याच्या पुढं रिकामं ताट? भावकीतल्या बाया बघणार. ती नाक मुरडणारी तर पहिल्या रांगेत. आणि खरं सांगू? लोकांचं निमित्त. मलाच जेवू घालायचं होतं. सहा महिने माझ्या हातचं धड काही ह्या माणसानं खाल्लं नव्हतं. उतरलेला चेहरा, गळ्याची हाडं दिसायला लागलेली. माझा जीव तुटायचा.

मग मला युक्ती सुचली. पातळच पाहिजे ना? दोन धोंडे घेतले, तांब्याभर दूध घेतलं, तूप घातलं आणि टाकलं मिक्सरमध्ये. चांगला पाच मिनिटं फिरवला. झाला की पातळ! गाळायला गेले, तर गाळणीतून निघंना. मग गाळणी ठेवली बाजूला.

तेवढ्यात शिवराजराव पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले. मिक्सरकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"मामी, हे काय?"

"धोंडा. पातळ केलाय. दातालासुद्धा लागत नाय."

ते जरा थांबले. मग हळूच म्हणले, "मॅडमला एक फोन करून विचारू का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या घरचा घास खायला आता डॉक्टरचा हुकूम लागतो काय? तीन वर्षं वाट बघितली मी! नका खाऊ. मी ठेवते म्हशीपुढं."

त्यांनी ग्लास उचलला. सगळा प्यायले. प्रेरणानं बाहेर विचारलं, "काय दिलं गं?" मी म्हणलं, "दूध." ओवाळलं, टॉवेल-टोपी केली, पोरीला लुगडं नेसवलं, फोटो काढले. मी खुशीत. संध्याकाळी आम्ही सगळेच हर्सूलला गेलो.

सोमवारी सकाळी दवाखान्यात. शिवराजरावांना तो हिरवा झगा घातलेला, हाताला सुई लावलेली. अमृता म्हणून सिस्टर होती, ती कागद घेऊन आली. "शुक्रवारपासून पातळच घेतलंय ना? काल दुपारपासून फक्त पाणी?"

"हो, पातळच," शिवराजराव म्हणले. माझ्याकडं बघितलं नाय. वर पंख्याकडं बघत होते.

मी पण मान हलवली. पातळच तर होतं!

मग भूल देणारे डॉक्टर आले, त्यांनी तेच परत विचारलं. आप्पासाहेबांना राहवलं नाय. "डॉक्टर, एकच गोष्ट किती वेळा विचारता?"

ते म्हणले, "काका, आपल्या पोटात खाल्लेलं चार-सहा तासांत पुढे जातं. फुगा असलेल्या पोटात ते दोन-दोन, तीन-तीन दिवस तसंच पडून राहतं. मी गुंगीचं औषध दिलं की घसा सैल पडतो. त्या वेळी पोटातलं वर आलं आणि श्वासाच्या नळीत गेलं, तर माणूस जिवाला मुकतो. म्हणून विचारतो, आणि आत नेल्यावर अजून एकदा विचारणार."

मी खाटेकडं वळून बघितलं.

शिवराजराव अजून पंख्याकडंच बघत होते. आणि मला लख्ख कळलं की ह्या माणसाला कालपासून माहीत आहे. मिक्सरपाशी थांबले तेव्हापासून माहीत आहे. माझा मान राहावा म्हणून तिथं उताणे पडून राहिलेत.

सांगते तुम्हाला, तरीसुद्धा माझं तोंड लगेच उघडलं नाय. एरवी कुणाच्या लग्नात मीठ कमी पडलं तर मांडवात ओरडून सांगणारी मी! लेक काय म्हणेल, मॅडम काय म्हणतील, अडाणी सासू म्हणतील. आणि आज नाय निघाला फुगा तर परवाचं मेडिकल गेलं, बस गेली. सगळं डोक्यात गरगरलं. वॉर्डबॉयनं खाटेची चाकं सोडली. खाट हलली.

"थांबा!" मी ओरडले. असं ओरडले की पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. "मी धोंडा घातलाय त्यांना! काल दुपारी! दोन धोंडे, दुधात, मिक्सरमधून काढून!"

डॉक्टरला धोंडा म्हणजे काय ते कळंना, ते तिकडचे कुठले असतील. अमृता सिस्टरला कळलं. तिनं कपाळावर हात मारला. "अहो मावशी, पुरण!"

प्रेरणा "आई" एवढंच म्हणली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चारुता मॅडम आल्या. मला वाटलं आता ही बाई मला फाडून खाणार. पण त्या माझ्यापाशी येऊन बसल्या. म्हणल्या, "मिक्सरमधून काढलं तरी डाळ डाळच राहते आजी. पातळ म्हणजे आरपार दिसतं ते. हे मी तुम्हाला बोलावून नीट सांगायला पाहिजे होतं, घरात कोण रांधतं ते मी विचारलंच नाही. पण तुम्ही बोललात, हे फार बरं केलंत." मग वळल्या शिवराजरावांकडं, आणि तो हळू आवाज कुठल्या कुठं गेला. "आणि तुम्ही? तुम्हाला माहीत होतं ना?"

"मॅडम, मामींचा मान..."

"तुम्ही मेला असतात तर मान कुठे ठेवला असता त्यांनी?"

फुगा काढायचं गुरुवारवर गेलं. तोवर फक्त पाणी, नारळपाणी, ताकाची वरची निवळी. आणि बुधवारचं मेडिकल गेलं.

मी जिन्यात जाऊन बसले आणि रडले. शिवराजराव शोधत आले, शेजारी बसले. मी म्हणलं, "चाळीस माणसांसाठी साहेबापुढं जाऊन खरं बोललात. स्वतःच्या जिवासाठी जीभ उचलली नाय?"

ते म्हणले, "ती परकी माणसं होती मामी. घरच्या माणसाला चारचौघांत तोंडघशी कसं पाडायचं?"

"पाडायचं!" मी म्हणलं. "मी सांगते, पाडायचं! मी उठीन, झाडीन पदर आणि पुन्हा उभी राहीन. तुम्ही गेलात तर काय करू?"

मग त्यांनीच बद्रीनाथ साहेबांना फोन लावला. मी ऐकत होते. "साहेब, बुधवारी जमणार नाय. खाण्यात माझी चूक झाली." माझी चूक म्हणले! मी तेव्हाच मनात गाठ मारली.

गुरुवारी फुगा निघाला. आधी दुर्बीण घालून पोट बघितलं, मग श्वासाची नळी सांभाळून काढला. मॅडमनी बाहेर येऊन आम्हाला ट्रेमध्ये दाखवला, एवढासा चोळामोळा झालेला, निळसर. आणि त्याच्या घडीत, बघा, पिवळे कण. चार दिवस माणूस पाण्यावर होता आणि माझी हरभऱ्याची डाळ तिथंच चिकटून बसलेली. मी ते कण किती वेळ बघत राहिले कुणास ठाऊक. ते सोमवारी सगळं पोटात होतं. प्रेरणानं माझा हात धरला. चार दिवसांनी पहिल्यांदा धरला.

शनिवारी मी आप्पासाहेबांना म्हणलं, चला शेंद्र्याला. काळा चष्मा घातलेले आप्पासाहेब आणि मी, एसटीनं, मग रिक्षानं, कंपनीच्या गेटावर. बद्रीनाथ साहेबांना बाहेर बोलावलं. त्यांना वाटलं भांडायला आली म्हातारी. मी सगळं सांगितलं, मिक्सरपासून. "चूक त्यांची नाय साहेब, माझी आहे. शिक्षा द्यायची तर मला द्या. झाडायला ठेवा गेट."

साहेब आधी हसले, मग गंभीर झाले. "मावशी, बस ह्या महिन्याला दुसऱ्याला दिलीय, ती आता काढता येत नाय. पण जुलैत मेडिकल परत आहे. ज्या ड्रायव्हरनं स्वतः येऊन सांगितलं की डोळा लागला, असा मला नोकरीत दुसरा भेटला नाय. त्याची जागा मी राखून ठेवतो. कागद मात्र पाहिजे."

जुलैत कागद मिळाला. वजन नव्व्याण्णव. दर सहा महिन्यांनी झोपेची तपासणी करायची, ह्या अटीवर बस दिली. पहिल्या दिवशी म्हणे कामगारांनी चढताना एकेकानं स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केला, आणि हा बाबा पुढं बघून डोळे पुसत होता. मॅडमनी बजावलंय, फुगा निघाला म्हणजे काम संपलं नाही, पुढची दोन वर्षं खरी परीक्षा. व्हय, ठाऊक आहे आम्हाला. आम्ही सगळेच परीक्षेला बसलोय.

मागच्या रविवारी दोघं गंगापूरला आली. मी चुलीवर ज्वारीच्या भाकरी टाकल्या, शेपूची भाजी, मुगाचं वरण. ताट घेतलं. भाकर उचलली आणि थांबले. मला साठावं लागलंय, हजारो पंगती वाढल्या असतील, पण मी ताटावर बसलेल्या माणसाला कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"शिवराजराव, किती वाढू?"

ते बघतच राहिले. मग मला उमगलं की ह्या माणसालाही हे जन्मात कुणी विचारलेलं नाय, ना त्याच्या आईनं, ना मी. त्यांनी पोटावर हात ठेवून अंदाज घेतला.

"अर्धी, मामी."

मी भाकर मोडली, अर्धी वाढली. सावकाश खात होते, चावून चावून. संपली. टोपल्यात अजून गरम भाकरी होत्या, वाफ येत होती. माझा हात गेलाच होता. मी तो मागं घेतला, मांडीखाली दाबला आणि त्यावर बसून राहिले.